दोन तासांचा काउबॉय पिक्चर दहा मिनिटांत: सुपर एटवरचे इटालियन वेस्टर्न

नमस्कार मंडळी. आज थेट मुद्द्यावर येतो.

(डबा कॅमेऱ्याजवळ धरून)

हा पुठ्ठ्याचा डबा बघा. वर घोडा, बंदूक, मागे भगभगीत सूर्य आणि हे एवढं मोठं जर्मन टायटल. आत 60 मीटर फिल्म आहे, रुंदी फक्त 8 मिलीमीटर. इंग्लंड-अमेरिकेतला असता तर यावर 200 फूट लिहिलं असतं, माप एकच. सेकंदाला 24 फ्रेम्सनी चालवली की हे रीळ 10 मिनिटांत संपतं, आणि टायटल धरून, शेवटची पाटी धरून प्रत्यक्ष पिक्चर त्याहून कमीच हाती लागतो. मूळ पिक्चर मात्र दीड-दोन तासांचा.

तर विषय आहे सुपर एटवरचे, म्हणजे घरच्या प्रोजेक्टरच्या या 8 मिलीमीटर फिल्मवरचे इटालियन वेस्टर्न, इटलीवाल्यांनी काढलेले काउबॉय पिक्चर, आणि ते गोळा करायचा माझा नाद. मी राहतो जर्मनीत, स्टुटगार्टला, इथे रविवारच्या जुन्या बाजारात असले डबे अजून मिळतात, कुणाच्या तरी आजोबांच्या माळ्यावरून आलेले असतात, आणि विकणाऱ्याला बहुतेक वेळा आत काय आहे याचा पत्ता नसतो.

आधी थोडं मागचं सांगतो, पटकन. कोडॅकनं सुपर एट आणलं 1965 साली. घरी शूटिंग करायला म्हणून आणलं, पण प्रोजेक्टर घरात आला की माणूस नुसता स्वतःच्या पोरांचा वाढदिवस किती वेळा बघणार, मग कंपन्यांनी थिएटरचे पिक्चर छोटे करून विकायला सुरुवात केली. खरं तर हा धंदा सुपर एटच्याही आधीपासून चालू होता, जुन्या 8 एमएमवर आणि 16वर. अमेरिकेत कॅसल, केन फिल्म्स, इंग्लंडमध्ये वॉल्टन, डेरान, जर्मनीत यूएफए, मार्केटिंग फिल्म, पिकोलो, अशी बरीच नावं. व्हीएचएस यायच्या आधी पिक्चर स्वतःच्या मालकीचा असणं म्हणजे हेच. परवडणाऱ्यांनी 120 मीटरवालं रीळ घ्यायचं, श्रीमंतांनी तीन-चार रिळांचा सेट, आणि बाकीच्यांनी हे 60 मीटर. त्यातही कलर-साउंड महाग, ब्लॅक अँड व्हाइट मूकपट स्वस्त. म्हणजे एन्निओ मॉरिकोनेसारख्या नावाजलेल्या संगीतकाराचं म्युझिक असलेला पिक्चर मुका करून विकायचा! कल्पना करा.

बरं, आता कुणी म्हणेल की ब्लू-रे आहे, रिस्टोअर केलेली 4K प्रिंट आहे, मग या कापलेल्या, खरवडलेल्या रिळात काय ठेवलंय? माझं म्हणणं असं की पिक्चर बघायचा असेल तर ब्लू-रेच बघा, त्यात वाद नाही. रीळ घ्यायचं ते काय कापलंय हे बघायला.

हे इटालियन वेस्टर्नच्या बाबतीत का भारी आहे ते समजून घ्या. अमेरिकन वेस्टर्नमध्ये गोष्ट पळते. इटालियनमध्ये, म्हणजे निदान दिग्दर्शक सर्जिओ लिओनेच्या पिक्चरमध्ये, माणसं वाट बघतात. 1968चा त्याचा तो रेल्वेवाला पिक्चर, 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' घ्या, सुरुवातीला तीन गुंड स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेत, एकाच्या तोंडावर माशी फिरतेय, एकाच्या टोपीवर पाणी ठिबकतंय, म्युझिक नाही, नुसती पवनचक्की करकरतेय. हा एकटा सीनच जवळपास या अख्ख्या रिळाएवढा आहे! किंवा त्याच्याच 1966च्या 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चा शेवट, कब्रस्तानात तिघं एकमेकांकडे बघत उभे, डोळे, हात, परत डोळे, आणि म्युझिक चढत चढत चाललंय, गोळी सुटते एकदम शेवटी. (ते कब्रस्तान बाय द वे खोटं, स्पेनमध्ये बुर्गोसजवळ स्पॅनिश सैनिकांकडून बांधून घेतलं होतं, नंतर गवतात गडप झालं आणि 2015पासून फॅन लोकांनी स्वतः जाऊन परत खोदून काढलं. असले लोक मला आपले वाटतात.)

आता तुम्ही एडिटर आहात, नोकरी कुठल्यातरी लॅबमध्ये, आणि साहेबानं सांगितलं की याचं 60 मीटर कर. काय ठेवाल? लग्नाच्या व्हिडिओचे हायलाइट्स करणाऱ्याला विचारा, तो हार घालणं ठेवतो आणि तासभर ताटकळलेली पंगत काढतो. तेच इथं. गोळीबार ठेवला, घोडे ठेवले, स्फोट ठेवला, वाट बघणं गेलं. पण या पिक्चरमध्ये वाट बघणं हाच पिक्चर आहे हो! मग जे उरतं ते फार विचित्र असतं. माणूस येतो, पाच जण पडतात, माणूस जातो. का आला, कुणावर राग, काही नाही. व्हिलनला नाव मिळायच्या आधीच तो मेलेला असतो. मला यात मजा येते, कारण ज्यानं कुणी हे कापलं त्याचं नाव डब्यावर कधीच नसतं, पण त्याच्या डोक्यात गिऱ्हाईक कोण होतं ते प्रत्येक कटमध्ये दिसतं. काही जण तर खरंच हुशार होते, एखादं वाक्य दुसरीकडून उचलून टाकायचे आणि गोष्ट नीट जोडून द्यायचे.

दुसरं म्हणजे चौकट. यातले बरेच पिक्चर टेक्निस्कोपमध्ये शूट झालेत. टेक्निस्कोप म्हणजे काय, तर नेहमीच्या 35 एमएम फिल्मवर एका फ्रेमला कडेच्या चार भोकांएवढी जागा लागते, इथे दोनच भोकांत भागवायचं. फिल्म निम्मी लागते, 1000 फुटांचं रीळ 11 मिनिटांऐवजी 22 मिनिटं चालतं. काटकसर! टेक्निकलर या फिल्म-कंपनीच्या रोमच्या शाखेनं काढलेली ही आयडिया, आणि कमी बजेटवाल्या इटालियन निर्मात्यांना ती देवासारखी वाटली असणार. फ्रेम होते लांबलचक आडवी. आता ही आडवी फ्रेम आपल्या सुपर एटच्या साधारण चौकोनी खिडकीत बसवायची तर दोन्ही बाजू छाटाव्या लागतात, म्हणजे डावीकडे एक माणूस, उजवीकडे एक माणूस असा आमनेसामनेचा शॉट असेल तर रिळावर मधलं वाळवंट दिसतं आणि दोन्ही कडांना नाकं. मी गंमत करत नाही. काही कंपन्यांनी स्कोप प्रिंट काढल्या, त्यात चित्र आडवं चेपलेलं असतं आणि प्रोजेक्टरसमोर वेगळी अ‍ॅनामॉर्फिक लेन्स लावून ते परत पसरवायचं. अशी प्रिंट मिळाली तर सोडू नका, पण लेन्सचा खर्च रिळाहून जास्त हे आधीच सांगून ठेवतो.

आणि टायटलचा घोळ. हा फार मोठा. 1966ला सर्जिओ कोर्बुचीचा 'जँगो' आला, फ्रँको नेरो, शवपेटी ओढत चिखलातून चालत येणारा. जर्मनीत तो इतका चालला की डिस्ट्रिब्युटरनी दिसेल त्या वेस्टर्नला जँगो नाव चिकटवलं, फ्रँको नेरो असला की झालंच, नसला तरी झालं. मूळ पिक्चरमध्ये त्या माणसाचं नाव वेगळंच असतं! त्यामुळे डब्यावरच्या नावावर विसंबू नका. कलाकारांची नावंही तशीच, 1964च्या 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स'वर लिओने स्वतः बॉब रॉबर्टसन म्हणून होता, मॉरिकोने डॅन सॅव्हिओ. अमेरिकन वाटावं म्हणून. टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर ही गाजलेली नटांची जोडी, तर हिल म्हणजे मारिओ जिरोत्ती आणि स्पेन्सर म्हणजे कार्लो पेडेरसोली.

बड स्पेन्सरचं नाव निघालंच आहे तर थोडं थांबतो, कारण जर्मन लोकांचं त्याच्यावरचं प्रेम बाहेरच्याला कळत नाही. हा माणूस आधी जलतरणपटू, 1952 आणि 1956 अशी दोन ऑलिंपिक खेळलेला, 100 मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन. माझ्या इथून जवळच श्वेबिश ग्म्युंड नावाचं गाव आहे, तिथे 2011मध्ये नव्या बोगद्याला नाव काय द्यायचं म्हणून ऑनलाइन मत मागवलं तर लोकांनी बड स्पेन्सर बोगदा निवडला, नगरपालिकेनं ते नाकारलं आणि समजूत म्हणून गावच्या स्विमिंग पूलला त्याचं नाव दिलं, कारण 1951 साली तो तिथे पोहला होता. तर अशा देशात त्याच्या रिळांना भाव येणारच. शिवाय जर्मन डबिंग हा वेगळाच प्रकार, रायनर ब्रँट नावाच्या माणसानं संवाद इतके चावट आणि वाह्यात लिहिले की मुळात नसलेले विनोद आत आले. हिल-स्पेन्सर जोडीचा 1967चा एक चांगला गंभीर पिक्चर नंतर कापून, नवे संवाद घालून चक्क कॉमेडी म्हणून परत थिएटरला लावला होता. मुळात हे पिक्चर शूट व्हायचे तेच बिनआवाजाचे, सेटवर इटालियन इटालियनमध्ये बोलतोय, अमेरिकन इंग्लिशमध्ये, स्पॅनिश स्पॅनिशमध्ये, आणि आवाज सगळा नंतर. त्यामुळे ओरिजिनल भाषेतच बघणार असा हट्ट इथे करून फारसा उपयोग नाही.

आता घेताना काय बघायचं.

(रीळ उघडून)

सगळ्यात आधी वास. डबा उघडला आणि व्हिनेगरचा वास आला तर परत बंद करा आणि पुढच्या टेबलाकडे चला. ॲसिटेट फिल्म सडायला लागली की ॲसेटिक ॲसिड सुटतं, ते थांबवता येत नाही, फार तर थंडाव्यात ठेवून लांबवता येतं, आणि त्या वाफेनं शेजारची चांगली रिळंही लागतात. साउंडवाल्या फिल्मच्या कडेला ही तपकिरी पट्टी दिसतेय ना, मॅग्नेटिक, कॅसेटच्या टेपसारखीच, त्यातल्या लोहामुळे हे सडणं आणखी जोरात होतं. मग दोन-तीन फूट उलगडून उजेडाकडे धरा. आकाश निळं दिसतंय का? बहुतेक वेळा दिसणार नाही, सगळं गुलाबी. 70च्या दशकातल्या ईस्टमन, म्हणजे कोडॅकच्या कलर फिल्मवरच्या प्रिंटचा निळसर रंग आधी उडतो आणि उरतो तो लालेलाल. कमी उडणारा स्टॉक आला तो 80च्या दशकात, तोपर्यंत हा धंदा संपत आला होता. हे पिक्चर जिथे शूट व्हायचे ते स्पेनमधल्या अल्मेरियाचं वाळवंट गुलाबी झालेलं मला चालतं, म्हणजे थोडं शोभतंच, पण त्याचे पूर्ण पैसे देऊ नका.

जोड कुठे कुठे आहेत तेही बघा. सुपर एटला आवाज चित्राच्या 18 फ्रेम पुढे असतो, त्यामुळे मध्ये फिल्म तुटून जोडली असेल तर चित्र आधी उडी मारतं आणि आवाज पाऊण सेकंदानं. गोळीबाराच्या सीनमध्ये जोड असेल तर कोण आधी मेलं ते समजत नाही.

एक प्रश्न येणारच म्हणून आत्ताच सांगतो: भारतात बसून हे करता येईल का? रिळं बाहेरून मागवावी लागतील. प्रोजेक्टर मुंबईच्या चोरबाजारात दिसतात, पण हौसेनं उचलू नका. जुना 8 एमएम आणि सुपर एट, दोन्हीची फिल्म 8 मिलीमीटरचीच असली तरी भोकं वेगळी, जुन्याची मोठी आणि दोन फ्रेमच्या मध्ये, सुपर एटची बारीक आणि फ्रेमच्या बरोबर बाजूला. चुकीच्या मशीनवर चढवलीत तर दात फिल्मलाच नवी भोकं पाडतील. जाताना खिशात सुपर एटचा रिकामा स्पूल ठेवा, त्याचं मधलं भोक मोठं असतं, मशीनच्या दांड्यावर नीट बसला तर पुढची बोलणी करा. रबरी पट्टे बदलावे लागतील असं धरूनच चला, बल्ब पेटतो का ते तिथेच लावून बघा, आणि पहिल्यांदा चालवाल ते एखादं टाकाऊ रीळ, हे असलं नाही.

चला, पडदा लावतो, 10 मिनिटं आहेत आपल्याकडे.