फूट, टोपण आणि सफरचंद

अध्यक्षमहाराज, आणि भडंग संपवून आत परतलेले सगळे,

पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय : 'घरातली रोजची कामं आणि बाळाशी होणारं बोलणं'. त्याच्याकडे येतोच. आधी एक तक्रार ऐका.

माझी नात दीड वर्षाची झाली तरी बोलेना. कुणा जाणकारानं सुनेला सांगितलं, रोज अर्धा तास समोर बसवून पोरीशी बोला. मग चित्रांचे पत्ते आले. संध्याकाळी सहा वाजले की सतरंजी पसरायची. "हे काय? सफरचंद. हे काय? विमान." नात सतरंजीचे दोरे उपसत बसायची. एकदा सफरचंदाचा पत्ता चावला. म्हणजे अर्थ कळला होता असं म्हणायला जागा आहे. (हशा)

तिचा पहिला खणखणीत शब्द कोणता? 'फूट'! बघा, तुम्ही लगेच हसलात. पुण्यात हे समजावून सांगावं लागतं. पावसाळ्यात रोज संध्याकाळी मी तिला कडेवर घेऊन कृष्णेचं पाणी किती चढलंय ते बघायला आपल्या सांगलीच्या आयर्विन पुलावर जायचो. तिथं कठड्याशी उभा असलेला माणूस ओळखीचा असो-नसो, विचारणार एकच : "किती फूट?" ४० ला इशारा, ४५ ला धोका, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. २०१९ च्या महापुरानंतर तर विचारूच नका. घरी आलं की हिच्या आजीचाही तोच प्रश्न, चपला काढायच्या आधी. पोरीनं आठवड्यात शब्द उचलला. वाटीत आमटी वाढली, "फूट!" बादली भरत आली, "फूट!" चढणारं पातळ म्हणजे फूट. दुसरा शब्द 'टोपण', तेलाच्या बाटलीचं, न्हाण्याआधीचं. सफरचंदाचा पत्ताच नाही. पत्ता होता खरं तर, पण चावलेला.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे संशोधक देब रॉय यांनी स्वतःच्या घराच्या छतात कॅमेरे आणि माईक बसवून मुलाच्या पहिल्या तीन वर्षांतलं बोलणं टिपलं. (बायकोनं कसं चालवून घेतलं, हा वेगळा विषय.) २०१५ साली त्यातून निघालं ते असं : शब्द किती वेळा कानावर पडतो यापेक्षा तो ठरावीक जागी, ठरावीक वेळी, ठरावीक बोलण्यात येतो का, यावर मूल तो कधी बोलेल हे जास्त ठरतं. म्हणजे आमचा पूलच की!

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, विषय.

हातातलं काम बदललं की आईचं वाक्यच बदलतं. न्हाऊ घालताना अवयव : पाठ, कोपर, डोळे मीट. कपडे करताना नुसत्या आज्ञा, पण क्रियापदं मोजा : झबलं घालायचं, टोपडं बांधायचं, तीट लावायची, परकर नेसायचा. भरवताना आज्ञा चालत नाही, तिथं सौदा : हा काऊचा, हा चिऊचा. पुस्तक मांडीवर आलं की प्रश्न सुरू, आणि एरवी घरात न येणारे शब्दही. उंट काय आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. न्यूयॉर्कच्या संशोधक कॅथरीन तामिस-लेमाँडा यांच्या गटानं १३ महिन्यांच्या मुलांच्या घरी जाऊन हेच टिपलं, शब्द कामाला बांधलेले असतात. आपले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी तर १९६४ सालीच मराठी बाळबोलीवर इंग्रजीत निबंध लिहिला. मम, गाई, भूर, शी, शू. यातला एक तरी शब्द कामावाचून आहे का?

पत्ते वाईट नव्हेत. पण त्या अर्ध्या तासात सुनेच्या हाताला काही काम नव्हतं, म्हणून तोंडालाही 'हे काय?'पलीकडे सुचेना. आता सहाला दोघी वाटाणे सोलतात. सोल, फोड, सांडलं, गोळा कर, किडका टाक. फार बोलते आता. सफरचंदाला मात्र अजून विमानच म्हणते.

अध्यक्ष उठलेच. बाकीचं चहाला.