मेंदी, आवळा, माका: केसांना हलकासा रंग देणाऱ्या पावडरी

नमस्कार श्रोतेहो. आज केसांविषयी बोलायचंय, आणि तेही पावडरींविषयी. म्हणजे मेंदी, आवळा, शिकेकाई, माका, जास्वंद, नीळ हे जे सगळं आपण काष्ठौषधीच्या दुकानातून पुडीत बांधून आणतो नाहीतर हल्ली ऑनलाइन मागवतो, त्यानं केसांना नेमकं होतं काय, रंग कुठला येतो, किती येतो आणि कुणी काय लावू नये. बायका मला सारख्या विचारत असतात, ताई मेंदी लावली आणि केस भगवे झाले, ताई मेंदीनं केस झाडूसारखे कोरडे पडले, ताई हर्बल म्हणून आणलं आणि कपाळ सुजलं. तिन्ही तक्रारी वेगळ्या वाटतात पण कारण बहुतेक वेळा एकच निघतं, कुठली पावडर कशासाठी आहे हे त्यांना कुणी धड सांगितलेलंच नसतं.

तर आधी मनातल्या मनात वाटण्या करून घ्या. खरा पक्का रंग देणाऱ्या पावडरी आपल्याकडे दोनच, मेंदी आणि नीळ. आवळा आणि माका मधल्यामध्ये, ते थोडी सावळी छटा देतात पण धुण्यागणिक ती उतरते. आणि बाकीच्या, म्हणजे शिकेकाई, रिठा, जास्वंद, मेथी, ब्राह्मी, नागरमोथा, गवला कचोरा, ह्या केस धुवायला, मऊ करायला, वासाला. त्यांच्याकडून रंगाची अपेक्षाच करायची नाही. बीटाचा रस लावून केस लाल होतात असं कितीतरी व्हिडिओत दाखवतात, तो रंग पहिल्याच धुण्यात पाण्याबरोबर जातो, उगाच टॉवेल खराब होतो.

आता मेंदी. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, साधारण १ ते २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅम पावडरीत जेमतेम एकदोन ग्रॅम, बाकी सगळा नुसता पाला. हे लॉसोन केसातल्या केराटिन नावाच्या प्रोटीनला जाऊन घट्ट चिकटतं, म्हणून मेंदी उतरत नाही, केस वाढला की मुळाशी पांढरं दिसतं तेवढंच. आणि मेंदी केसातला मूळ रंग काढत नाही, त्याच्यावर एक पारदर्शक थर चढवते, आपण स्नेहसंमेलनात लाइटवर रंगीत जिलेटीन कागद लावायचो ना तसं. म्हणून काळ्याभोर केसावर मेंदी लावली तर घरात काहीच कळत नाही, उन्हात गेल्यावर लालसर झाक दिसते, आणि तीच मेंदी त्याच वाटीतली पांढऱ्या केसावर भगवी दिसते. ह्यात मेंदी बिघडलेली नसते, तिचा रंगच तो.

आणि धुतल्या धुतल्या आरशात बघून घाबरून जाऊ नका. पहिल्या दिवशी पांढरे केस अगदी केशरी दिसतात, पुढच्या दोनतीन दिवसांत हवेनं तो रंग मुरतो आणि तपकिरी-लालकडे जातो. त्यामुळे घरात लग्नकार्य असेल तर मेंदी आदल्या रात्री लावू नका, तीनचार दिवस आधी लावा. आणि हे दोन दिवस शाम्पूही नको, नुसत्या पाण्यानं धुवायचे.

मेंदी चांगली कुठली म्हणाल तर राजस्थानात पाली जिल्ह्यात सोजत म्हणून गाव आहे, तिथली मेंदी नावाजलेली, २०२१ मध्ये तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनपण मिळालं. पण पाकिटावर सोजत लिहिलंय म्हणून डोळे मिटून घेऊ नका, चिमूटभर पावडर हातात घेऊन बघा. ताजी मेंदी शेवाळी हिरवी असते, तिला सुक्या गवतासारखा वास येतो, जुनी झाली की तपकिरी पडते आणि रंग देत नाही. आणि अगदी पोपटी, डोळ्यात भरणारी हिरवी असेल तर तिथेही सावध, त्यात वरून हिरवा रंग घातलेला असू शकतो. थोडी पावडर ओली करून पांढऱ्या टिश्यूवर ठेवा, लगेच गडद हिरवं पाणी सुटलं तर ती परत करा. अजून एक, पावडर वस्त्रगाळ हवी. जाडीभरडी असली तर काड्या केसात अडकतात, धुताना निम्मे केस तुटून हातात येतात आणि मग आपण म्हणतो मेंदीनं केस गळले.

कोरडेपणाचंही तसंच आहे. लोक मेंदीत दोनदोन लिंबं पिळतात, का तर रंग चांगला येतो. थोडा आंबटपणा असला तर लॉसोन टिकतं हे खरंय, पण डोक्याला एवढं लिंबू कशाला, केस राठ होणारच. साधं कोमट पाणी किंवा गाळलेलं चहाचं पाणी पुरतं. भिजवून झाकून रात्रभर ठेवली की झालं, उन्हाळ्यात चारपाच तासांतच रंग सुटतो, वर तपकिरी साय आल्यासारखी दिसते ती खूण. आणि अंडं घालायची काहीएक गरज नाही, वासापलीकडे त्यानं फार काही पदरात पडत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. दही घालायचं तर घाला पण मग रंग फिका येणार हे धरून चाला.

आता ज्यांना भगवेपण नकोय, नुसती हलकी झाक आणि केस मऊ हवेत, त्यांच्यासाठी मला सगळ्यात आवडणारा मार्ग सांगते, कारण माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक बायकांना खरं म्हणजे हेच हवं असतं. मेंदी एक भाग आणि बाकीच्या पावडरी चार भाग. म्हणजे दोन चमचे मेंदी घेतली तर आवळा तीन चमचे, माका दोन, जास्वंद दोन, मेथी एक. मेंदी तेवढी वेगळी आधी भिजवायची, बाकीच्या लावायच्या आधी अर्धा तास कालवायच्या आणि मग एकत्र. मेथी आणि जास्वंदीला जो बुळबुळीतपणा सुटतो ना, तोच ह्यातला कंडिशनर, त्यानं लेप केसावरून सरकतो, मेंदी एकटी असली की जशी घट्ट वाळून पापडी होते तसं होत नाही. पाऊण तास ते एक तास ठेवायचं, जास्त नाही. चारपाच तास मेंदी थापून बसणाऱ्या बायका मी बघते, मान आखडते, आणि हलक्या रंगाला तेवढा वेळ लागतच नाही. असं महिन्यातून एकदा करत गेलात तर पांढऱ्या केसांवर मधासारखी, मग हळूहळू तांबूस छटा चढते आणि काळ्यात मिसळून जाते. एकदम कुणी विचारत नाही की काय लावलंस, पण केस बरे दिसतात.

आवळ्याविषयी थोडं थांबून बोलते कारण ते मी जवळून बघितलंय. आमच्या आत्याकडे एक जुनी लोखंडी कढई होती, ती फक्त ह्याच कामाला. रात्री त्यात आवळकाठीची पावडर कोमट पाण्यात कालवून ठेवायची, तेव्हा रंग मातकट, शेणासारखा म्हणा ना. सकाळी झाकण काढलं की आतलं सगळं काळं कुळकुळीत, कडेला तर शाईसारखी चकाकी, आणि बोट घातलं तर नखाच्या कडा दोन दिवस काळ्या राहायच्या. हे कशानं होतं तर आवळ्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, ते कढईतल्या लोखंडाशी मिळालं की काळा पदार्थ तयार होतो. हिरड्यातही भरपूर टॅनिन, आपल्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी लोक बाळहिरडा गोळा करतात तोच हिरडा, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचाच एक क्षार, घालून पूर्वी शाई करायचे, ती हीच क्रिया. तर हा काळा आवळा केसावर वरवर बसतो, आत शिरत नाही, म्हणून दोनतीन धुण्यात उतरतो. पण मेंदीत मिसळला की तिचं भगवेपण दबतं आणि रंग तपकिरीकडे झुकतो. कुरळे केस असतील तर आवळा आवर्जून घाला, नुसत्या मेंदीनं कुरळेपणा जरा सैल पडतो. फक्त ज्यांना पुढे पार्लरमध्ये ब्लीच किंवा हायलाइट करायचेत त्यांनी लोखंडी कढई टाळा, स्टीलच्या नाहीतर काचेच्या भांड्यात भिजवा, केसावर लोह बसलेलं असलं की त्या केमिकलशी ते भलतंच वागतं.

माका तुमच्या शेताच्या बांधावर, ओलीजवळ, भाताच्या खाचरात आपोआप उगवतो, बारीक पांढरी फुलं येतात. पान घेऊन तळहातावर चोळा, हिरवा रस निघतो आणि बघता बघता काळा पडतो. त्याचंच तेल आपण पिढ्यान् पिढ्या लावतोय. पण माक्यानं किंवा कशानंच पिकलेला केस मुळातून परत काळा होतो असं मी तुम्हाला सांगणार नाही. केसाचा रंग मुळाशी मेलॅनिन तयार होतं त्यानं येतो, ते थांबलं की बाहेरून लावलेली पावडर ते चालू करू शकत नाही. कमी वयात एकदम केस पिकायला लागले तर डॉक्टरांकडे जाऊन बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या, पुष्कळदा तिथे काहीतरी सापडतं आणि त्यावर औषध असतं.

ज्यांना गडद तपकिरी किंवा काळाच हवा त्यांच्यासाठी नीळ. नीळ म्हटलं की आपल्याला १९१७ चा गांधीजींचा चंपारण्य सत्याग्रह आठवतो, त्याच नीळ वनस्पतीचा हा वाळवलेला पाला, हिरवी पावडर मिळते. आणि कृपा करून, कपड्यांना घालायची नीळ ही नव्हे, ती केसाला लावायचीच नाही. निळीचं तंत्र मेंदीच्या बरोबर उलटं आहे. तिला लिंबू नको, रात्रभर भिजवणं तर मुळीच नको. साध्या पाण्यात कालवायची, चिमूटभर मीठ, दहापंधरा मिनिटांत वर निळसर काळी झाक येते की लगेच लावायची, उशीर केलात तर रंग हवेत वाया जातो. काळा हवा तर आधी मेंदी लावून धुवा आणि मग नीळ. तपकिरी हवा तर मुरलेली मेंदी आणि ताजी नीळ ऐनवेळी सारखीसारखी मिसळा. पांढऱ्यावर नुसती नीळ लावलीत तर निळसर-हिरवट दिसतं, तेव्हा तो शॉर्टकट नको. रात्रभर भिजवलेल्या मेंदीतच नीळ घालून ठेवणाऱ्या कितीतरी जणी असतात आणि मग म्हणतात रंगच आला नाही, येणार कसा, नीळ तोवर संपलेली असते.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर आज इथे बसलेय ती. काळी मेंदी. श्रोतेहो, काळी मेंदी नावाचं झाड नाही. पाण्यात कालवून अर्ध्या तासात पांढरे केस काळेभोर करते अशी जी पावडर मिळते तिच्यात बहुतेक वेळा पीपीडी असतं, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन, हेअर डायमध्ये असतं तेच केमिकल. पाकिटावर समोर पानं-फुलं काढलेली, हर्बल लिहिलेलं, आणि मागे बारीक अक्षरात ते नाव. ज्यांना ते चालतं त्यांना चालतं, पण ज्यांना त्याची ॲलर्जी होते त्यांचं डोकं खाजतं, कपाळ आणि पापण्या सुजून डोळे मिटतात, पाणी भरलेले फोड येतात, आणि एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभराची. आधी दहा वेळा लावलंय काही झालं नाही ह्याला अर्थ नाही, अकराव्या वेळी होऊ शकतं. तेव्हा पाकीट उलटं करून वाचा, अक्षर दिसत नसेल तर मुलाला-सुनेला वाचायला लावा, दुकानदाराला लाजू नका. आणि कुठलीही नवीन पावडर असो, अगदी शुद्ध मेंदी असली तरी, कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लेप लावा, धुवा आणि ४८ तास वाट बघा. खाज, लाली काही आलं तर डोक्याला लावायची नाही.

तान्ह्या बाळाच्या हातापायाला किंवा डोक्याला मेंदी लावायची हौस असते काही घरांत, ती करू नका. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते, घरात कुणाला माहीतही नसतं, आणि अशा बाळाच्या अंगात मेंदीचा अंश गेला तर तांबड्या रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. मोठ्या माणसांतही ज्यांना ही कमतरता आहे असं डॉक्टरांनी सांगितलंय त्यांनी मेंदीपासून लांबच राहायचं.

लावायच्या वेळचं पटकन सांगते. केसाला तेल नको, आदल्या दिवशी धुतलेले हवेत, तेलावर रंग बसत नाही. खांद्यापर्यंत केस असतील तर सगळं मिळून १०० ग्रॅम पावडर पुरते. बोअरचं पाणी असेल तर भिजवायला तरी पिण्याचं पाणी वापरा. धुताना नळाखाली झगडण्यापेक्षा बादलीत पाणी घेऊन केस त्यात बुडवा आणि हलवा, निम्मा पाला तिथेच खाली बसतो, आणि ते पाणी मोरीत न ओतता झाडाला घाला, मोरी तुंबणार नाही. तेल दुसऱ्या दिवशी लावा. उरलेली भिजवलेली मेंदी फ्रीझरमध्ये महिनाभर चांगली राहते, नीळ मात्र ठेवू नका, ती टाकूनच द्यायची. आणि कोरड्या पावडरी घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून लांब, डब्यावर आणल्याचा महिना लिहून ठेवा, वर्षाच्या आत संपवा.

पार्लरचा डाय सोडून ह्यावर येऊ बघणाऱ्यांनी आधी कंगव्यात आलेले स्वतःचे थोडे केस गोळा करून त्यांवर करून बघा, तीन दिवसांनी उजेडात नेऊन रंग बघा, पटला तर पुढे जा. नमस्कार.