चौदावा दिवस

(दृश्य: अकलूजचा घोडेबाजार. सकाळचं कोवळं ऊन, खुंट्यांना बांधलेल्या घोड्या, चाऱ्याच्या पेंढ्या.)

अकलूज. सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातलं गाव. दिवाळीच्या आगेमागे इथं घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, पांढराशुभ्र नुकरा. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग अंगावरचे भोवरे मोजतं, मग चाल. आणि घोडी असेल तर हमखास एक प्रश्न येतो: शिंगरं देईल का?

त्याचं उत्तर दातांत नाही. भोवऱ्यांत तर नाहीच नाही, मालक काहीही सांगोत. ते दडलंय घोडीच्या गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात, ग्राही नावाच्या प्रथिनांमध्ये. इंग्रजी शाळेत शिकलेली पोरं त्यांना रिसेप्टर म्हणतात.

(दृश्य: सोलापुरातला चादरीचा जकार्ड माग, चालू अवस्थेत.)

ग्राही समजून घ्यायला सोलापूरकराला लांब जावं लागत नाही. जकार्ड मागावर पंचकार्डाला जिथं छिद्र, तिथंच सुई काम करते आणि धागा उचलला जातो. बाकीचे धागे जागच्या जागी. संप्रेरकांचं, म्हणजे हार्मोन्सचं, तसंच आहे. ती रक्तातून घोडीच्या कानाच्या पाळीपर्यंतही पोचतात, पण काम होतं ते ज्या पेशीत ग्राही आहे तिथंच. आणि घोडीच्या गर्भाशयातलं हे कार्ड दर काही दिवसांनी बदलतं.

तिचं चक्र साधारण २१-२२ दिवसांचं. त्यातले ५ ते ७ दिवस माजाचे. या दिवसांत घोड्याजवळ नेली की ती शेपूट बाजूला घेते, पाय फाकवते, थोडी थोडी लघवी करते. एरवी नेली तर लाथ ठरलेली.

माजात ईस्ट्रोजेन हे संप्रेरक चढलेलं असतं. ते अस्तराच्या पेशींकडून स्वतःचे ग्राही वाढवून घेतंच, शिवाय नंतर येणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचेही ग्राही तयार करून ठेवतं. अस्तर पाण्यानं फुगतं. सोनोग्राफीच्या पडद्यावर तेव्हा गर्भाशय मोसंबीच्या आडव्या चकतीसारखं दिसतं, फोडी न फोडी मोजाव्यात असं. मग बीजांड सुटतं, त्या जागी पीतपिंड बनतो आणि प्रोजेस्टेरॉन वाढतं. गंमत बघा, हे प्रोजेस्टेरॉन आपलं काम करता करता दोन्ही ग्राही कमी करत जातं. पाहुण्यानं जेवता जेवता घरातले पाट उचलून ठेवावेत तसं.

(दृश्य: गर्भनलिकेचं रेखाचित्र.)

घोडीचं खरं वेगळेपण मात्र इथून पुढं. गर्भनलिकेतून गर्भाशयात कुणाला सोडायचं, हे तिच्याकडे ठरलेलं असतं. फळलेलं बीजांडच खाली उतरतं. न फळलेली बीजांडं नलिकेतच अडकून राहतात, कधी कधी महिनोन्‌महिने. हा निवाडा कोण करतं? गर्भ स्वतःच. बीजांड सुटल्यापासून पाचव्या दिवसाच्या आसपास तो प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन स्रवू लागतो. नलिकेच्या स्नायूंना तो निरोप ग्राहींमार्फत मिळतो, स्नायू सैल पडतात, आणि सहाव्या दिवशी गर्भ गर्भाशयात दाखल.

तिथं पोचल्यावरही तो गप्प बसत नाही. गायीचा गर्भ लांबट धाग्यासारखा वाढून गर्भाशय व्यापतो. घोडीचा गर्भ गोलच राहतो, कवचात बंद. मग सगळीकडे हजेरी लावायची तर फिरावंच लागतं. गर्भाशयाच्या एका शिंगातून, म्हणजे फाट्यातून, दुसऱ्या शिंगात, परत मागं, दिवसातून कितीतरी वेळा. सोळाव्या दिवसाच्या सुमारास तो एका जागी स्थिरावतो.

ही धावपळ कशासाठी, ते चौदाव्या दिवशी कळतं. गर्भ नसेल तर या सुमारास अस्तरात ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे ग्राही वाढतात. ऑक्सिटोसिन त्यांना चिकटतं, अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन एफ-२ अल्फा सुटतं, पीतपिंड विरघळतो, प्रोजेस्टेरॉन कोसळतं. घोडी उलटते, पुन्हा माजावर. गर्भ असेल तर त्याच्या फेऱ्यांमुळे ही साखळी तुटते आणि पीतपिंड वाचतो. गायीत असा निरोप देणारं प्रथिन सापडलंय, इंटरफेरॉन टाऊ. घोडीचा गर्भ नेमका कोणता रेणू वापरतो, हे कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. दीड-दोन सेंटीमीटरचा गोळा सगळ्या प्रयोगशाळांना पुरून उरलाय.

(दृश्य: गोठ्यात सोनोग्राफी. पडद्यावर काळा गोल ठिपका. मालक मान वाकवून बघतोय.)

म्हणून घोडी घोड्याकडून भरवल्यावर डॉक्टर चौदाव्या-पंधराव्या दिवशी तपासायला येतात. गर्भ राहिला का, हे तर बघायचं असतंच. जुळं असेल तर तो घोळही गर्भ फिरते असतानाच निस्तरणं सोपं. घोडीला जुळं क्वचितच पेलतं.

पुढं एक चमत्कारिक वळण आहे, त्याचा संबंध आपल्या गायी-मेंढ्यांशी. गाभण घोडीच्या गर्भाशयात सुमारे ३६ ते ४० दिवसांत वाट्यांसारखे उंचवटे उगवतात. वारेच्या पेशींपासून बनलेल्या या वाट्या चौथ्या महिन्यापर्यंत ईसीजी (हृदयाचा आलेख नव्हे, इक्वाइन कोरिऑनिक गोनॅडोट्रॉपिन) नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. १९३० साली कोल आणि हार्ट यांनी ते गाभण घोडीच्या रक्तात दाखवून दिलं. घोडीत ते एलएच या बीजांड सोडवणाऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीवरच काम करतं. तेच संप्रेरक गायीला किंवा मेंढीला टोचलं तर एफएसएच या दुसऱ्या संप्रेरकाच्या ग्राहीवरही काम करतं आणि बीजकोशात पुटिका, म्हणजे बीजांडाच्या पिशव्या, वाढू लागतात. धागा एकच, कार्ड बदललं की नक्षी बदलली. त्यामुळेच घोडीच्या रक्तातून काढलेलं हे औषध मेंढ्यांचा माज एका वेळी आणायला वापरतात.

(दृश्य: भीमाकाठ. धनगरांचा वाडा, पाठीवर बिऱ्हाड लादलेली भीमथडी घोडी.)

दिवसाच्या लांबीचाही घोडीवर अंमल असतो. युरोपात हिवाळ्यात दिवस आठ तासांवर येतो तेव्हा बऱ्याच घोड्यांचा माज बंद पडतो. सोलापुरात हिवाळी दिवस ११ तासांचा, उन्हाळी १३ तासांचा. खोडा आहे, पण सैल.

घोडीचा गाभणकाळ अकरा महिन्यांचा. या वाड्यातल्या घोडीनं आत्ताच शिंगरू दिलंय. ते अजून चार पायांवर नीट उभंही राहत नाही. बहुधा आठवड्या-दहा दिवसांत त्याची आई पुन्हा माजावर येईल. अस्तरात ईस्ट्रोजेनचे ग्राही पुन्हा वाढतील.

(दृश्य: शिंगरू धडपडत आईच्या कासेला लागतं.)