लिंकन घराण्याच्या जमिनीचे कागद

[पडद्यावर: जुन्या कागदाचा कोपरा. फिकट झालेली शाई. कॅमेरा हळूहळू तारखेवर येतो.]

२२ फेब्रुवारी १७३५/३६.

तारीख वाचताना अडखळलात ना? कारकुनाची चूक नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये आणि त्याच्या वसाहतींत सरकारी नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. त्यामुळे हा फेब्रुवारी जुन्या हिशेबानं १७३५ मधला, नव्या हिशेबानं १७३६ मधला. कारकुनानं दोन्ही लिहून टाकलं. पेनसिल्व्हेनियातले जुने कागद वाचायला बसलं, की पहिली ठेच इथेच लागते.

कागद आहे मृत्युपत्राचा. करणारा मॉर्डेकाय लिंकन, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या अब्राहम लिंकनचा पूर्वज. शेतकरी, शिवाय लोखंडाच्या भट्टीत भागीदारी केलेला. फिलाडेल्फियापासून आत, अॅमिटी नावाच्या वस्तीत त्याचं दगडी घर होतं. १७३३ सालचं ते घर आजही उभं आहे.

[पडद्यावर: दगडी घर, मागे उतरती शेतं.]

पहिल्या बायकोचा मुलगा जॉन. त्याला न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन. राहत्या घराभोवतीची शेती दुसऱ्या बायकोच्या दोन लहान मुलांना. आणि मग एक वाक्य, जे वाचताना मी दर वेळी थांबतो. बायको मेरी गरोदर असेल आणि मुलगा झाला, तर या शेतीचे दोनाऐवजी तीन वाटे करावेत.

मे महिन्यात मॉर्डेकाय गेला. ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं अब्राहम. जन्माला यायच्या आधीच त्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा लिहिलेला होता. मुलगी झाली असती तर? कागद पुढे मुलींना वेगळं काही देतो, पण या शेतीत वाटा नाही.

हा अब्राहम म्हणजे राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन नव्हे. या घराण्यात नावं पुन्हा पुन्हा येतात. मॉर्डेकाय, अब्राहम, आयझॅक, जेकब, थॉमस. आजोबांचं नाव नातवाला, काकाचं पुतण्याला. आपल्याकडेही असं होतं, म्हणून तर भावकीत "कुठला रामचंद्र?" असं विचारावं लागतं. इथे आडनावाचीही धड खात्री नाही. कुठे लिंकन, कुठे लिंकर्न, कुठे चक्क लिंकहॉर्न. कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं, तसं त्यानं लिहिलं.

मग माणूस ओळखायचा कसा? जमिनीवरून. नाव बदलतं, आडनावाचं स्पेलिंग बदलतं, पण ३०० एकरांचा तुकडा जागचा हलत नाही.

[पडद्यावर: नकाशा. मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, केंटकी. एक रेघ खाली, मग पश्चिमेला वळते.]

या घराण्याचा मूळपुरुष सॅम्युएल लिंकन. विणकराकडे उमेदवारी केलेला पोरगा, १६३७ मध्ये इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आला. त्याचा मुलगा मॉर्डेकाय, लोहार आणि गिरणीवाला. त्याचा मुलगा आपला मृत्युपत्रवाला मॉर्डेकाय.

आणि त्याचा जॉन. इथे अनेक वर्षं घोडं अडलेलं होतं. व्हर्जिनियात जाऊन स्थायिक झालेला जॉन लिंकन आणि मॅसॅच्युसेट्सच्या घराण्यातला जॉन हे दोन का एक? उत्तर एका खरेदीखतात निघालं. १७४८ सालचं खत. जॉन लिंकन, धंदा विणकर, "अॅमिटीच्या दिवंगत मॉर्डेकाय लिंकनचा मुलगा आणि वारस", न्यू जर्सीतली ३०० एकर जमीन विकतो आहे. मृत्युपत्रातली जमीन आणि खतातली जमीन एकच. म्हणजे माणूसही तोच.

गंमत अशी, की ज्याच्यासाठी जगानं हा सगळा शोध घेतला, त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. १८४८ मध्ये काँग्रेसचा सदस्य असताना अब्राहम लिंकननं व्हर्जिनियातल्या एका लिंकनला पत्र लिहून विचारलं होतं, की तुमच्या आजोबांचं नाव काय, ते क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते का, पेनसिल्व्हेनियातून कधी आले? १८५९ च्या त्रोटक आत्मवृत्तात तो लिहितो, की न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्सकडच्या लिंकनांशी नातं जुळवायचा प्रयत्न झाला, पण हाती लागलं ते दोन्हीकडच्या नावांमधलं साम्य, बाकी काही नाही.

[पडद्यावर: व्हर्जिनियाची शेनँडोआ दरी. लिनव्हिल क्रीकचं पाणी.]

जॉन १७६८ मध्ये लिनव्हिल क्रीकला आला. त्याचा थोरला मुलगा अब्राहम, स्थानिक मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, कॅप्टन. राष्ट्राध्यक्षाचे आजोबा हे. १७८० मध्ये त्यांनी इथली शेती ५००० पौंडांना विकली. आकडा ऐकून डोळे विस्फारू नका. युद्धाच्या महागाईनं कागदी पैशाची पार माती झालेली होती.

खत झालं, तरी व्यवहार पुरा झाला नव्हता. तिथल्या कायद्यात नवऱ्याच्या जमिनीवर बायकोचा एक हक्क असे, तिला वैधव्य आलं तर हयातीपुरता तिसरा हिस्सा. तो हक्क तिनं सोडला, असं नवऱ्याला बाजूला ठेवून तिला विचारल्याशिवाय विकत घेणारा निर्धास्त होत नसे. कॅप्टन अब्राहमची बायको बर्शिबा कोर्टापर्यंत प्रवास करू शकत नव्हती. मग १७८१ मध्ये माणसं तिच्याकडे पाठवून तिचा जबाब घेतला. बाईचा आवाज या दप्तरांत क्वचित येतो, आणि येतो तो बहुधा असा, हक्क सोडताना. त्याच व्हर्जिनियातल्या मृत्युपत्रांत गुरांच्या आणि भांड्यांच्या यादीत गुलाम माणसांची नावंही येतात. नुसती नावं, आडनाव नाही, पुढे किंमत.

केंटकी तेव्हा व्हर्जिनियाचाच भाग होता. सरकारी तिजोरीत १६० पौंड भरून ४०० एकरांचा परवाना मिळाला, "अब्राहम लिंकहॉर्न" या नावानं. जिथे शॉनी आणि इतर मूलनिवासी पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत, ती जमीन व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडच्या कचेरीत विकली जात होती. मे १७८५ मध्ये केंटकीतल्या लाँग रन ओढ्यावर मोजणी झाली. साखळी धरायला घरातलेच दोघे लिंकन. ती साखळी ६६ फुटांची. आपल्या गुंठ्याची बाजू बरोबर तिच्या निम्मी, ३३ फूट. इंग्रजी मोजणी आपल्या सातबाऱ्यात अजून अशी शिल्लक आहे.

[पडद्यावर: जंगलाच्या कडेला तोडलेले बुंधे. आवाज नाही.]

मे १७८६. कॅप्टन अब्राहम शेतात काम करत असताना मूलनिवाशांच्या गोळीला बळी पडले. घरात पुढे सांगितली गेलेली गोष्ट अशी, की त्यांचा आठ वर्षांचा मुलगा थॉमस, म्हणजे राष्ट्राध्यक्षाचे वडील, बापाच्या प्रेताजवळच राहिला, त्याला उचलायला एक जण आला, आणि थॉमसच्या थोरल्या भावानं, मॉर्डेकायनं, झोपडीतून नेम धरून त्याला टिपलं.

मृत्युपत्र नव्हतं. ऑक्टोबर १७८८ मध्ये कोर्टानं मालमत्तेची यादी करायला माणसं नेमली. ती यादी वाचली की झोपडी डोळ्यांपुढे उभी राहते. एक तांबडा घोडा, ८ पौंड. एक काळा, साडेनऊ. वासरांसकट तीन गायी. नांगर आणि त्याचा सरंजाम. तण काढायच्या तीन कुदळी. सूत कातायचा चरखा. कथिलाच्या डझनभर ताटल्या. तीन मापांची गिरमिटं. कातडं कमावायची सुरी. बंदुका तीन, त्यांतली एक जुनीपानी. पिसांच्या गाद्या. एक मेणबत्तीचं घर, दीड शिलिंग. एकूण ६८ पौंड, १६ शिलिंग, ६ पेन्स.

जमीन या यादीत नाही. ती कायद्यानं जायची.

आणि कायदा होता इंग्लंडचा जुना. मृत्युपत्र नसेल, तर सगळी जमीन थोरल्या मुलाला. आपल्याकडे थोरल्याला वडीलकीचा मान, पण शेतात भावांचा वाटा असतोच. इथे वाटाच नाही. हा कायदा मोडणारं विधेयक थॉमस जेफर्सननं लिहिलं होतं, १७८५ मध्ये ते मंजूरही झालं होतं. अंमल सुरू होणार होता १ जानेवारी १७८७ पासून. कॅप्टन लिंकन त्याआधी सात-आठ महिने गेले. हजारो एकरांवरच्या नोंदी मॉर्डेकायच्या झाल्या. थॉमसला काही नाही.

पन्नास वर्षांपूर्वी याच घराण्यातल्या एका मॉर्डेकायनं न जन्मलेल्या मुलाचीही सोय कागदावर करून ठेवली होती. इथे एक ओळ लिहायची राहून गेली.

राष्ट्राध्यक्ष लिंकन आपल्या वडिलांबद्दल लिहितात, की ते लहानपणीच मजुरी करत भटकले, शिक्षण जवळजवळ झालंच नाही. काकांबद्दल मात्र ते गमतीनं म्हणत, अशी आठवण सांगतात, की घराण्यातली सगळी हुशारी मॉर्डेकाय काकाच घेऊन पळाला.

थॉमस अगदीच कफल्लक राहिला असं नाही. १८०३ मध्ये त्यानं ११८ पौंडांना २३८ एकर जमीन घेतली. पण केंटकीतल्या हद्दी झाडं, ओढे, दगड यांवरून लिहिलेल्या; एकाच जमिनीवर दोघा-तिघांचे दावे. या भानगडींना विटून १८१६ मध्ये तो इंडियानात गेला. तिथे जमीन सरकारनं आधी चौकोनात मोजून मग विकायला काढलेली होती. केंटकी सोडण्याचं एक कारण गुलामगिरी, पण मुख्य कारण जमिनीच्या हक्कांचा घोळ, असं मुलानंच लिहून ठेवलंय.

[पडद्यावर: इलिनॉयची सपाट शेतं.]

वकील झालेल्या मुलानं, अब्राहमनं, १८४१ मध्ये बापाची इलिनॉयमधली ४० एकर २०० डॉलरला विकत घेतली, आणि आईबापांना हयातभर तिथेच राहू दिलं. थॉमस १८५१ मध्ये वारला. बापाच्या जमिनीतला वारसा मुलानं सावत्र भावाला एका डॉलरला लिहून दिला. अट एकच, सावत्र आई साराचा विधवेचा हक्क शाबूत राहावा.

इतरांची मृत्युपत्रं आणि वारसांचे दावे पाहण्यात वकिलीची वर्षं घालवलेल्या या माणसानं स्वतःचं मृत्युपत्र केलंच नाही. एप्रिल १८६५ मध्ये त्याचा खून झाल्यावर सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश डेव्हिड डेव्हिस यांनी मालमत्तेची व्यवस्था पाहिली. सुमारे १ लाख १० हजार डॉलर. इलिनॉयच्या कायद्यानुसार तीन वाटे झाले. बायको मेरीला एक, थोरल्या रॉबर्टला एक, आणि तेवढाच बाप गेला तेव्हा बारा वर्षांच्या असलेल्या धाकट्या टॅडला.