खाणीचं पाणी, गाळ आणि तळाखालचा पोकळ डोंगर

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय खाणीतून उपसलेल्या पाण्याचा.

आपल्या वर्धा खोऱ्यातल्या, म्हणजे वणी, घुग्घुस, चंद्रपूर, बल्लारपूरकडच्या कोळशात गंधक कमी. त्यामुळे मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांसारखं तेजाबी पाणी इथे सहसा निघत नाही. आपलं दुखणं गाळाचं. नियम असा, की नाल्यात सोडायच्या पाण्यात लिटरमागे तरंगता गाळ १०० मिलिग्रॅमच्या आत हवा, तेल-ग्रीस १० च्या आत, पीएच ५.५ ते ९.

गाळ बसायला वेळ किती लागतो? २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर पाण्यात मीटरभर उतरायला पाऊण तास घेतो. चिकणमातीचा २ मायक्रॉनचा कण घेतो तीन दिवस. पुन्हा सांगतो, तीन दिवस. म्हणून नुसतं तळं खणून भागत नाही, पावसाळ्यात तुरटी लागते. ती पोत्याच्या अंदाजाने ओतू नये. खाणीचं पाणी भरलेल्या एकेक लिटरच्या पाच भांड्यांत १०, २०, ३०, ४०, ५० मिलिग्रॅम तुरटी घालायची, मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं हळूहळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. सगळ्यात कमी तुरटीत जे निवळलं, तो डोस. मोठा पाऊस झाला की चाचणी पुन्हा.

तळं लांबट हवं, लांबी रुंदीच्या तिप्पट तरी. गाळाने एक तृतीयांश भरलं की उपसायचं, आणि तेही मे संपायच्या आत. उपसलेला गाळ काठावरच टाकला तर पहिल्या सरीला परत आत! आणि हो, मातीच्या ढिगाऱ्यांवर आधी गवत लावा हो, झाडं मागून. फोटोत झाडं छान दिसतात, पण माती धरतं ते गवत.

आता एक हकिगत ऐका. अमेरिकेतलं केंटकी राज्य, मार्टिन काउंटी. तारीख ११ ऑक्टोबर २०००, मध्यरात्र उलटून गेलेली. डोंगरात कोळसा धुतल्यानंतरच्या काळ्या स्लरीचं, म्हणजे पातळ चिखलाचं, तळं होतं, जवळपास २९ हेक्टरचं. पुढे भक्कम बांध. त्या रात्री तळ्याची पातळी खाली जायला लागली. बांध पाहावा तर जागच्या जागी, साधी भेगही नाही. मग स्लरी गेली कुठे?

ती गेली खाली. तळ्याच्या कडेला, डोंगराच्या पोटात, बंद पडलेली भुयारी खाण होती. मधला आडोसा फुटला, स्लरी भुयारात शिरली आणि खाणीच्या दोन तोंडांतून दोन वेगवेगळ्या ओढ्यांत बाहेर पडली. शंभर कोटी लिटरच्या वर! लोकांच्या अंगणात कमरेच्या वर काळा चिखल. ओढ्यांतून टग फोर्क, तिथून बिग सँडी, पुढे ओहायो नदी. मासे मेले, सुमारे २७,००० लोकांच्या पिण्याच्या पाण्याचे वांधे झाले. माणूस मात्र एकही दगावला नाही.

आणि हे तळं १९९४ मध्येही गळलं होतं, त्याच जुन्या खाणीत! तेव्हा डागडुजी झाली, मधला आडोसा सत्तर फुटांच्या वर जाड आहे असं कागदावर आलं. फुटल्यानंतर तपासलं, तर काही ठिकाणी तो वीस फूटही भरला नाही. लक्षात घ्या, बांध फुटला नाही. तळ फुटला.

आपल्याकडेही जमिनीखाली जुनी भुयारं आहेतच. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, ते आठवत असेल. तेव्हा कुठेही स्लरीचं किंवा गाळाचं तळं करण्याआधी जुने नकाशे काढायचे, आणि नकाशात खाली काम झालेलं दिसलं की त्यावर विसंबायचं नाही. ड्रिल मारून मधली जाडी मोजायची. तळं चालू झाल्यावर जुन्या खाणीच्या तोंडाशी रोज पाहायचं, पाणी किती येतंय आणि काळं येतंय का. एकाएकी वाढलं, तर तळ्यात भरणं त्याच तासाला बंद.

नमस्कार.