एवढी मॅच संपू दे

श्रोतेहो, नमस्कार. रात्री पाने वाढून झालेली असताना आतल्या खोलीतून "एवढी मॅच संपू दे" असे उत्तर येते आणि आमटी पुन्हा गॅसवर चढते, हा अनुभव बहुतेक घरांत असल्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. त्या क्षणी मोबाइलवर गेम खेळणाऱ्याच्या मेंदूत काय चाललेले असते, एवढेच आज पाहायचे आहे, आणि त्यासाठी आपल्याला लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात जावे लागेल.

तिथल्या संशोधकांनी १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ पुरुषांना, एकेकाला, पेट स्कॅनरमध्ये, म्हणजे शरीरात सोडलेले किरणोत्सारी द्रव्य कुठे जाते ते दाखवणाऱ्या यंत्रात, आडवे करून त्यांच्या शिरेतून रॅक्लोप्राइड नावाचे द्रव्य सोडण्यात आले. या द्रव्याला किरणोत्सारी कार्बन जोडलेला होता आणि तो दर वीस मिनिटांना निम्मा होत जातो, त्यामुळे असे द्रव्य आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही. तो कार्बन जवळच्याच सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रात ताजा तयार करून द्रव्याला जोडावा लागतो आणि ते लगबगीने वापरावे लागते. डोके स्कॅनरमध्ये, हातात माऊस आणि समोरच्या पडद्यावर एक रणगाडा. रणांगणातून तो हाकायचा, शत्रूचे रणगाडे उडवायचे, निशाणे गोळा करायची. सगळी निशाणे मिळाली की पुढची, अधिक अवघड पातळी, आणि प्रत्येक पातळीमागे रोख पैसे! दुसऱ्या वेळी त्याच माणसाने कोऱ्या पडद्याकडे नुसते पाहत पडून राहायचे.

आता यातली गंमत ऐका. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, तसेच मेंदूत डोपामाइन या पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या रसायनासाठी ठरलेल्या जागा असतात, आणि रॅक्लोप्राइड हे त्याच जागांवर बसू पाहणारे परके प्रवासी आहे. डोपामाइन कमी असेल, तर रॅक्लोप्राइडला भरपूर जागा मिळतात. डोपामाइन आधीच रुमाल टाकून बसले असेल, तर त्याला ताटकळावे लागते. खेळताना नेमके हेच घडले: मेंदूच्या खोल भागात, स्ट्रायटममध्ये, रॅक्लोप्राइडला जागा कमी मिळाल्या. याचा अर्थ तिथे डोपामाइन वाढले होते, आणि ज्याचा खेळ चांगला झाला त्याच्या मेंदूत ते अधिक वाढलेले दिसले. पुन्हा सांगतो, रॅक्लोप्राइड कमी दिसले, म्हणजे डोपामाइन जास्त होते.

ही वाढ अॅम्फेटामाइन या उत्तेजक औषधाच्या इंजेक्शननंतर दिसणाऱ्या वाढीसारखी असल्याचे संशोधकांनी नोंदवले, आणि खेळ म्हणजे अमली पदार्थच, अशा मथळ्यांना आधार मिळाला. असे मथळे देणाऱ्यांनी आठच माणसे होती हेही त्याच टायपात छापावे, असे माझे मत आहे. डोपामाइन तर भुकेल्या माणसाला जेवणाचा वास आला तरी वाढते.

शिवाय डोपामाइन म्हणजे निव्वळ सुख नव्हे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना रसाचे थेंब देऊन दाखवले की, रस अनपेक्षित मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात पेटतात, ठरल्याप्रमाणे मिळाला की विशेष काही घडत नाही, आणि अपेक्षा असून मिळाला नाही की त्या मंदावतात. म्हणूनच खेळातली बक्षिसाची पेटी उघडताना आत काय निघेल हे कधीच नक्की नसते. (आमच्या लहानपणी हेच काम मटक्याचा आकडा करत असे, आणि तो लावणारी वडीलधारी मंडळीच आम्हाला गोट्या खेळू नका म्हणून दटावत, हे जाता जाता.)

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत गेमिंगचा विकार आहे. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसूनही खेळणे चालूच राहणे, हे तिन्ही साधारणपणे बारा महिने दिसावे लागते. केवळ तास मोजून हे निदान होत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून अशांसाठी स्वतंत्र क्लिनिक आहे.

घरच्या आमटीचे मात्र निराळे आहे. संघाने खेळायची ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, त्यामुळे ऐन रंगात मारलेली हाक वाया जाते. माझ्या बहिणीने गेल्या सुट्टीत भाच्याला मॅच सुरू होण्याआधीच "ही झाली की पानावर" असे सांगायला सुरुवात केली. दहापैकी सहा-सात रात्री तो येतो, उरलेल्या रात्री मोबाइल काढून घ्यावा लागतो.