महामौन: बर्फातली वेस्टर्न आणि तिचे तीन शेवट

(दृश्य: पूर्ण पांढरी चौकट. दूरवर एक काळा ठिपका.)

टीव्ही बिघडलेला नाही. हे बर्फ आहे. जरा थांबा, तो ठिपका हलतोय बघा. घोडेस्वार आहे. वेस्टर्न म्हटलं की आपल्याला धूळ आठवते, रखरखीत ऊन, घामानं निथळणारे चेहरे. इथे घोडा बर्फात रुततोय, धडपडतोय, पुन्हा उठतोय. मागे एन्नियो मोरिकोने यांचं संगीत आहे आणि त्यात शिट्टी नाही, चाबूक नाही. जवळजवळ अंगाईच.

चित्रपट 'इल ग्रांदे सिलेन्झिओ'. इंग्रजीत 'द ग्रेट सायलेन्स'. आमच्या गटात आम्ही त्याला 'महामौन' म्हणतो. साल 1968, दिग्दर्शक सर्जिओ कोर्बुची. इटालियन वेस्टर्न आणि सर्जिओ म्हटलं की सगळे लिओनेंचं नाव घेतात. हे दुसरे सर्जिओ. 'जँगो'मध्ये यांनी नायकाला चिखलातून शवपेटी ओढायला लावली, दोन वर्षांनी सगळ्यांना बर्फात नेलं.

(दृश्य: बर्फाळ गाव, रात्र. धुकं.)

कथा 1898च्या हिवाळ्यातल्या युटामधली, चित्रीकरण मात्र इटलीतलं. डोंगर दिसतात ते डोलोमाइट्स, कोर्तिना द'आम्पेझ्झोच्या आसपासचे. आम्ही काही तिकडे गेलो नाही. जे दिसतंय ते चित्रपटातलंच. गावातली बरीचशी दृश्यं रोमच्या एलिओस स्टुडिओतल्या सेटवरची आहेत. रोममध्ये बर्फ कुठून आणणार? मग दाढीचा फेस वापरला. हो, आपण सकाळी गालाला लावतो तोच. आजूबाजूचा हिरवा मुलूख झाकायला वर धुकं सोडलं. आता ही चौकट थांबवतो. छपराच्या कडेला बघा, बर्फ किती गुळगुळीत दिसतंय. एकदा कळलं की दर वेळी नजर तिकडेच जाते. आमच्यातला एकजण म्हणतो, हे सांगायलाच नको होतं. मला उलट वाटतं. फेस कळल्यावरही थंडी वाजते, यातच कोर्बुचींचं कसब आहे.

(दृश्य: नायकाचा चेहरा, मग पिस्तूल.)

हा सायलेन्स. लहानपणी गळा कापलाय, बोलू शकत नाही. भूमिकेत फ्रेंच नट जाँ-लुई त्रँतिन्याँ. अख्ख्या चित्रपटात एक शब्द नाही. हातात माउझर पिस्तूल, त्या काळात अगदी नवं कोरं. त्याची लाकडी म्यान मागे जोडली की बंदुकीचा दस्ता होतो. हा आधी कधीच शस्त्र काढत नाही. समोरच्याला डिवचतो, त्यानं हात घातला की झाडतो. म्हणजे कायद्यानं स्वसंरक्षण.

आणि हा लोको. क्लाउस किन्स्की. डोक्यावर बाईसारखी ओढणी, बोलणं मऊ, हसू त्याहून मऊ. भुकेपोटी डोंगरात पळालेल्या माणसांना मारायचं, मुडदे बर्फात पुरून ठेवायचे आणि सवडीनं नेऊन त्यांच्या डोक्यावरचं इनाम घ्यायचं, हा त्याचा धंदा. तोही कायदेशीरच. दोघंही कायद्याच्या आत. कोर्बुचींची चीड तिथेच आहे.

व्होनेटा मॅगी यांच्याबद्दल थोडक्यात: ही त्यांच्या सुरुवातीची भूमिका. नवऱ्याच्या खुनाचा सूड घ्यायला सायलेन्सला कामावर ठेवणारी विधवा. 1968मध्ये एक कृष्णवर्णीय बाई आणि एक गोरा नायक यांचं प्रेम पडद्यावर कसलाही गाजावाजा न करता येतं. यावर बोलण्यासारखं खूप आहे. पुढे जाऊ.

(दृश्य: लोखंडी कपाट. दार उघडतं.)

हे आमच्या मित्राचं कपाट, पुण्यातल्या त्याच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत. दार नीट लागत नाही, कारण आत डिस्क जास्त झाल्यात. ही पहिली, 2001ची, अमेरिकेतल्या फँटोमा कंपनीची डीव्हीडी. आमच्यातल्या बहुतेकांनी 'महामौन' पहिल्यांदा पाहिला तो हिच्यावर. दिग्दर्शक अॅलेक्स कॉक्स कोर्बुचींचे कट्टर भक्त. हिच्यावर ते चित्रपटाबद्दल बोलतात. रंग बघा. बर्फ जरा पिवळट, सावल्या काळ्याठिक्कर. तरी काही मंडळी अजून हिलाच कवटाळून आहेत.

ही दुसरी, 2018ची. फिल्म मूव्हमेंट कंपनीची ब्लू-रे, जुनी फिल्म साफ करून 2-के दर्जात केलेल्या नव्या प्रतीवरून काढलेली. अमेरिकेतल्या थिएटरांत हा चित्रपट रीतसर लागला तोही याच वर्षी. 50 वर्षांनी.

तिसरी 2021ची, ब्रिटनच्या युरेकाची. हिच्यात जाड पुस्तिका आहे. मित्र ती हात धुऊन हाताळतो, ते आम्ही चित्रित केलंय, बघा.

यातली एकही डिस्क आपल्याकडे निघालेली नाही. ब्लू-रेच्या जगात देशांचे विभाग पाडलेत, एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर सहसा चालत नाही; भारत 'सी' विभागात मोडतो आणि ब्रिटिश डिस्क 'बी'साठी बनतात. म्हणून टीव्हीखाली हे दोन प्लेअर आहेत. दुसऱ्याला कोणता विभाग हे समजतच नाही, तो सगळ्याच डिस्क चालवतो, आणि तेच बरं आहे.

(दृश्य: पडदा दोन भागांत, एकच चौकट दोन डिस्कवरून.)

डावीकडे जुनी, उजवीकडे नवी. किन्स्कीच्या टोपीवरचे बर्फाचे कण मोजता येतात. गणित शिकवणारे आमचे काका म्हणतात, "जुन्या डिस्कवर थंडी जास्त वाजायची." ध्वनिमुद्रणात काम करणारी मुलगी लगेच म्हणते, "काका, ती थंडी नव्हती, ते धूसरपण होतं." मी तिच्या बाजूनं आहे.

आवाजावरूनही भांडण आहेच. त्या काळी इटलीत चित्रपटाला आवाज नंतर दिला जायचा, त्यामुळे 'मूळ' आवाज कोणता, हा प्रश्नच वाकडा. इंग्रजीत किन्स्की 'लोको', इटालियनमध्ये 'तिग्रेरो'. काका इंग्रजीवाले, बाकी आम्ही इटालियनवाले. एक नट मात्र दोन्हीकडे सारखाच ऐकू येतो. त्रँतिन्याँ.

(दृश्य: रविवार संध्याकाळ. खोलीत सातजण. पडदे ओढलेले.)

आता मुख्य गोष्ट. ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी इथे थांबा, पाहा, मग परत या.

खरा शेवट असा की लोको जिंकतो. मी वर्णन करत नाही. हे सातही चेहरे एका कॅमेऱ्यात आहेत. बघा.

(निवेदन थांबतं. चेहरे.)

हा शेवट काही बाजारांत चालणार नाही म्हणून निर्मात्यांना गोड शेवट हवा होता. कोर्बुचींनी तो चित्रितही केला. 'शोले'चा शेवट सेन्सॉरनं बदलायला लावला होता, ते आपल्याला ठाऊक आहे. तिथे ठाकूरचे पाय आवरले, इथे नायकाला जिवंत ठेवलं. चित्रपटात आधी बर्फाखाली बुडालेला शेरीफ अचानक घोड्यावरून हजर होतो. कसा वाचला, विचारू नका. नायकाच्या हातावर धातूचं चिलखत निघतं. शेरीफ त्याला नोकरी देऊ करतो. आणि सायलेन्स चक्क हसतो. चित्रपटभर न हसलेला माणूस.

ही चित्रफीत डिस्कवर आहे, पण तिच्या आवाजाची पट्टी नाही. ब्लू-रेवर आणखी एक शेवटही आहे: खऱ्या शेवटातलेच तुकडे असे जोडलेत की पुढे काय झालं ते कळूच नये. धड ना इकडे ना तिकडे. सातपैकी एकालाही तो आवडला नाही.

हात वर करायला सांगितलं. खऱ्या शेवटाला सहा. गोड शेवटाला एक, काका. "वय झालं की एखाद्याला वाचवावंसं वाटतं," एवढंच म्हणाले. त्यावर कोणी वाद घातला नाही, आणि आमच्यात हे क्वचित घडतं.

फँटोमाची डीव्हीडी आता नवी मिळत नाही; उरलेल्या दोन मिळतायत तोवर घ्या.

(दृश्य: रात्र. खोलीत काका एकटे, मित्र रिमोट हातात घेऊन उभा.)

सगळे गेल्यावर काकांनी गोड शेवट पुन्हा लावायला सांगितला. शेरीफ आला. सायलेन्स हसला. त्याला आवाज नाहीच. ऐकू येतोय तो पंख्याचा.